खिशातला एकशे बारा

शर्यतीच्या मैदानावर सकाळचा चहा संपायच्या आत लेकीने मिस्त्रीला अट घातली.

"बाबा, आज मी सांगेन तो जेट लावायचा. त्यानंतर पाना खाली ठेवायचा. फायनलच्या आधी परत लुडबूड केलीस, तर पुढच्या मोसमात इंजिन लॅपटॉपकडे देईन. तू प्रेक्षकांत बसायचं, आईशेजारी."

"प्रेक्षकांत," मिस्त्री म्हणाला. दवाखान्यात भरती व्हायला सांगितल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"माझ्याशेजारी बसणं म्हणजे शिक्षा झाली का?" ट्रेलरच्या पायरीवर बसलेल्या आईने विचारलं.

"अगं, तसं नाही."

"तसंच आहे. पस्तीस वर्षांत एकदाही अर्ध्या तासापेक्षा जास्त बसला नाहीत."

लॅपटॉप हे शेजारच्या तंबूतल्या तरुण मेकॅनिकचं टोपणनाव. तो इंजिनांची जुळणी पडद्यावर आकडे बदलून करायचा आणि दिवसअखेर त्याची नखं स्वच्छ असायची. मिस्त्रीच्या मते हा दोष होता. पोरगा मात्र नम्र होता, 'काका, काका' करायचा, आणि त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नसे.

मिस्त्रीने हात वर केला. "दिला शब्द. नाही लावणार हात."

लेकीने पितळी जेटांचा पत्र्याचा डबा उचलला आणि आईच्या मांडीवर ठेवला. आई मोठ्या रुग्णालयात मेट्रन होती. तीस वर्षं औषधांच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला असायची आणि या तीस वर्षांत एक गोळी इकडची तिकडे झाली नव्हती. तिने डब्यावर आपलं विणकाम ठेवलं. डब्याचा विषय तिथे संपला.

हा जेट म्हणजे काय ते आधी नीट समजून घेऊ, कारण घरातलं सगळं भांडण त्याच्यावरूनच होतं. जेट म्हणजे करंगळीच्या नखाएवढी पितळेची चकती आणि तिच्या मधोमध एक छिद्र. लेकीच्या गाडीत पंप टाकीतून इंधन ओढायचा आणि इंजिनाकडे ढकलायचा, लागतं त्यापेक्षा थोडं जास्तच. उरलेलं इंधन दुसऱ्या नळीतून टाकीत परत जायचं. त्या परतीच्या वाटेवर हा जेट बसवलेला असे. छिद्र मोठं असलं की जास्त इंधन परत जातं आणि इंजिनाच्या वाट्याला कमी येतं. नवशिके इथे हमखास फसतात, त्यांना वाटतं मोठं छिद्र म्हणजे जास्त इंधन. पण बादलीचं भोक मोठं असलं तर झाडापर्यंत पाणी कमीच पोचतं ना? तसंच हे.

आणि इंधन कमी झालं की इंजिन मंदावतं, हाही गैरसमजच. इंधन जळायला हवा लागते. या इंजिनात हवा कोंबणारं कुठलंही यंत्र नव्हतं. बिगुलासारख्या आठ नळ्या वर तोंड करून उभ्या होत्या, आणि इंजिन स्वतःच्या छातीने ओढेल तेवढीच हवा त्यांतून आत जायची. त्या हवेच्या मानाने इंधन जास्त झालं तर इंजिन आकंठ जेवलेल्या माणसासारखं जड चालतं. चमचाभर कमी दिलं तर हलकं होतं, आवाज मोकळा निघतो, गाडी चेव आल्यासारखी पळते. अजून कमी दिलं तर मात्र पिस्टन वितळतो. म्हणून लेक एकशे दहा नंबरचा जेट वापरायची. जरा जड, पण सुरक्षित, आणि रोज सारखा.

मिस्त्रीला एकशे बारा आवडायचा.

यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. गाडी जोरात पळाली तर शर्यतीत चांगलंच की. पण लेक ज्या गटात उतरायची, त्याचा नियम निराळा होता. तिथे प्रत्येक जण आपली गाडी पाव मैल किती सेकंदांत तोडेल, तो आकडा आधीच काचेवर पांढऱ्या रंगाने लिहायचा. ज्याची गाडी हळू, त्याला दोन आकड्यांत जेवढा फरक असेल तेवढं आधी सोडायचं. मग जो पहिला पोचेल तो जिंकला. फक्त एक अट होती. स्वतः लिहिलेल्या आकड्यापेक्षा लवकर पोचलात, तर बाद. थोडक्यात, जोरात पळणाऱ्याचा इथे मान नव्हता. बोलल्याप्रमाणे पळणाऱ्याचा होता.

हा नियम ऐकल्यापासून मिस्त्रीला तो माणुसकीला सोडून वाटत होता.

"म्हणजे मुलगा परीक्षेत सांगितल्यापेक्षा जास्त मार्क आणतो, आणि तुम्ही त्याला नापास करता," तो म्हणायचा.

लेक औषधांच्या दुकानात काम करायची. ती म्हणायची, "दोन गोळ्या लिहिल्या असताना बाप चार देतो, आणि वर म्हणतो पोर लवकर बरी होईल."

या मोसमात ती तीनदा फायनलला पोचली होती आणि तिन्ही वेळा हरली होती. हरण्याचं कारण तिन्ही वेळा एकच होतं. ती काचेवर आठ नव्वद, म्हणजे आठ पूर्णांक नव्वद शतांश सेकंद, लिहायची, आणि गाडी आठ शहाऐंशीत पोचायची. चार शतांश लवकर. डोळ्याची पापणी लवते त्याहूनही कमी वेळ, पण बाद ते बादच. एकशे दहा काढून एकशे बारा लावला की बरोबर चार शतांशच कमी होतात, हे तिला पहिल्या खेपेला कळलं नाही, दुसऱ्या खेपेला संशय आला, आणि तिसऱ्या खेपेला तिने नट उघडून पाहिलं.

"फायनल काय रोज येते का?" मिस्त्री तेव्हा म्हणाला होता. "म्हटलं, पोरीला जरा चांगलं इंजिन द्यावं."

त्या तिसऱ्या हारीनंतर दोनचार जणांनी येऊन मिस्त्रीचा हात हातात घेतला होता. काय पळाली म्हणे गाडी. तो लाजून हसला होता, आणि हे लेकीने पाहिलं होतं. सकाळची अट त्या हसण्यातून आली होती.

तर, त्या दिवशी दुपारपर्यंत चार फेऱ्या झाल्या. लेकीने प्रत्येक वेळी आठ नव्वद लिहिले आणि गाडी आठ नव्वद, आठ नव्वद, आठ एक्क्याण्णव, आठ नव्वद अशी धावली. मिस्त्रीने टायरमधली हवा पाहिली, बॅटरी भरली, नळ्यांची तोंडं पुसली. पाना उचलला नाही. गळ्यात त्याने छोटं हवामान यंत्र अडकवलं होतं, ते तेवढं दर दहा मिनिटांनी पाहत होता. एकतीस अंश. हवा कोंडलेली.

"काय हो, हात शिवशिवतायत का?" आईने विणता विणता विचारलं.

"छे."

"मग बोटं का मोडताय सारखी?"

फायनलला लेकीसमोर बेकरीवाला होता. जाडजूड, हसरा माणूस. त्याची गाडी नऊ चाळीसची, म्हणजे तिच्याहून बरीच संथ, आणि त्याच्या इंजिनाची जुळणी लॅपटॉपने केलेली. गाड्या रांगेत लागल्या की काचेवरचा आकडा बदलता येत नसे. लेकीने पांढऱ्या रंगाची बाटली काढली, काचेवर काहीतरी लिहिलं, शिरस्त्राण चढवलं, जाड अग्निरोधक अंगरख्याची चेन हनुवटीपर्यंत ओढली आणि गाडी रांगेत नेऊन उभी केली.

मिस्त्री मागून चालत गेला आणि त्याने काच पाहिली. आठ शहाऐंशी.

आधी त्याला वाटलं, पोरगी घाईत चुकली. एकशे दहाच्या जेटवर ही गाडी आठ नव्वदच धावणार. आठ शहाऐंशी लिहिल्यावर समोरच्याला चार शतांश फुकट दिल्यासारखे झाले. बेकरीवाला आरामात पुढे निघून जाईल. मग त्याच्या डोक्यात हळूहळू उजाडलं. पोरगी गोळ्या मोजणारी होती, चुकणारी नव्हती. तिने बापाला हिशोबात धरलं होतं.

सकाळी तिने शब्द मागितला, त्याने दिला, तिने घेतला, आणि मग काचेवर लिहून टाकलं की तो हा शब्द मोडणार. तेही सगळ्या मैदानाला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरांत.

मिस्त्रीला आयुष्यात पुष्कळ जणांनी खोटं ठरवलं होतं, पण दशांश चिन्ह देऊन कुणी ठरवलं नव्हतं.

"होऊ दे मग," तो स्वतःशी म्हणाला. "नाही लावत हात. बसा हरत."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा शब्द पाळायचं ठरवलं, आणि ते ठरवलं रागाने. तो तंबूकडे परत आला, खुर्चीत बसला, उठला, परत बसला. त्याचा हात शर्टाच्या खिशावर गेला. खिशात एकशे बारा होता. डबा आईच्या मांडीवर होता खरा, पण एकशे बारा डब्यात राहायचाच नाही. तो गेलं वर्षभर मिस्त्रीच्या खिशात राहत होता. दुसरी माणसं खिशात चष्मा ठेवतात, तसा.

तेवढ्यात मैदानावर भोंगा वाजला. आधीच्या गटातल्या एका गाडीने धावपट्टीभर तेल सांडलं होतं. पट्टी साफ करायला अर्धा तास लागेल, तोपर्यंत सगळ्यांनी बॉनेट वर करून इंजिनं थंड ठेवा, असं सांगण्यात आलं.

अर्धा तास. जेट बदलायला तीन मिनिटं लागतात.

मिस्त्री पुन्हा उठला. राग कितीही खरा असला तरी रांगेत उभ्या त्या गाडीत त्याची पोर बसली होती, आणि काचेवर आठ शहाऐंशी लिहिलं होतं. हात लावला तर शब्द मोडला, आणि इंजिन गेलं लॅपटॉपकडे. नाही लावला तर पोर चौथ्यांदा हरली, आणि तीही बापाच्या इमानदारीमुळे. पोरीने त्याला कुठूनही सुटायला वाट म्हणून ठेवली नव्हती. शेवटी त्याने खिशातून जेट काढून मुठीत धरला, पाना पँटमध्ये खोचला आणि तो चालू लागला.

"कुठे निघालात?" आईने मान वर न करता विचारलं.

"बॉनेट वर करायला."

"हं."

गाडीपाशी जाऊन त्याने बॉनेट उघडलं. आता काचेच्या आत बसलेल्या लेकीला इंजिन दिसत नव्हतं आणि बापही दिसत नव्हता. तिने मुद्दामच मान दुसरीकडे वळवली. करायचंय ते करून घे एकदाचं, असं त्या मानेने म्हटलं. ते मिस्त्रीला दिसलं नाही, पण रांगेत मागे उभ्या लॅपटॉपला दिसलं.

बॉनेटमागे मिस्त्रीने परतीच्या नळीच्या नटावर पाना बसवला. आणि त्याच्या घामेजल्या मानेवर गार वारा आला.

त्याने वर पाहिलं. खांबावरचं निशाण सकाळपासून मरगळून लोंबत होतं. ते आता सरळ झालं होतं आणि तोंड फिरवून दुसरीकडे बघत होतं. उन्हावर ढग आला होता. त्याने गळ्यातलं यंत्र डोळ्यांपाशी धरलं. एकोणतीस. तो तसाच उभा राहिला. अठ्ठावीस. पाना नटावरच होता. सत्तावीस, आणि तिथे आकडा थांबला.

हवा गार झाली की दाटते. इंजिनाची छाती तेवढीच, पण प्रत्येक श्वासात हवा जास्त. हवा वाढली आणि इंधन तेवढंच राहिलं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी झालं, म्हणजे तेच झालं जे एकशे बारा लावून होतं. मिस्त्रीने बोटांवर गणित केलं, पुन्हा केलं. एकतीसचे सत्तावीस. चार अंश. चार शतांश.

आता एकशे बारा लावला तर गाडी आठ ब्याऐंशीत पोचेल आणि पोर बाद होईल. आणि काहीच केलं नाही तर आठ शहाऐंशी.

त्याने पाना नटावरून काढला. खरं तर त्याला हायसं वाटायला हवं होतं. पण आपल्या नावावरचं पाप दुसऱ्या कुणीतरी परस्पर उरकून टाकावं, तसं त्याला वाटलं. जेट खिशात टाकून त्याने नळ्यांची तोंडं फडक्याने पुसली, उगाचच, कारण ती स्वच्छ होती.

धावपट्टी साफ झाली. त्याने बॉनेट बंद केलं आणि खिडकीशी वाकला. लेक शिरस्त्राणातून त्याच्याकडे बघत होती. त्या अंगरख्यात ती घामाने भिजली होती. वारा तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

"आकडा बरोबर आहे," तो म्हणाला.

तिने डोळे मिटून मान हलवली. माहीत होतं, अशी.

सुटायचा हिरवा दिवा आधी बेकरीवाल्याला मिळाला, आणि चोपन्न शतांशांनी तिला. दोघंही आपापला दिवा लागताक्षणी सुटले. बेकरीवाला नऊ बेचाळीसमध्ये पोचला. लेक आठ पूर्णांक आठशे बासष्ट सहस्रांशात. लिहिलेल्या आकड्याच्या दोन सहस्रांश मागे, बेकरीवाल्याच्या जरासं पुढे. ती जिंकली होती.

तंबूपाशी परत आल्यावर तिने शिरस्त्राण काढून टेबलावर ठेवलं. बेकरीवाला हात मिळवून गेला. लॅपटॉप मागे रेंगाळला होता.

"ताई, अभिनंदन. काका, दोन सहस्रांश? माझ्या पडद्यावरही एवढं येत नाही."

"पुढच्या मोसमात येईल," लेक म्हणाली. ती बापाकडे बघत नव्हती. "इंजिन तुझ्याकडे देणार आहे. मी सकाळी शब्द दिला होता. बाबाने त्याचा मोडला, म्हणून मला माझा पाळायलाच हवा."

"मी हात लावला नाही," मिस्त्री म्हणाला.

"बाबा, आपण जिंकलोय. आता तरी."

"नाही लावला."

"तीन मिनिटं बॉनेटमागे होतास. मी घड्याळ पाहिलंय."

लॅपटॉपने खाकरून सांगितलं, "काकांच्या कमरेला पाना होता, ताई. मी खोटं कशाला बोलू."

मिस्त्रीने आजूबाजूला बघितलं. वर्षभर तो खोटं बोलला तेव्हा निदान पहिल्या दोन खेपा तरी लोकांनी ऐकून घेतलं होतं. आज खरं बोलत होता, तर ऐकायला कुणी तयार नव्हतं.

"डबा माझ्या मांडीवर आहे," आई म्हणाली. "सकाळपासून उघडलेला नाही."

"आई, एकशे बारा डब्यात नसतो. तो याच्या खिशात असतो."

आईचे हात विणता विणता थांबले. हे तिला नवीन होतं. तीस वर्षं कपाट सांभाळणाऱ्या बाईच्या घरातच चोरकप्पा निघाला होता. तिने नवऱ्याकडे असं बघितलं की मिस्त्रीने न सांगता खिशात हात घातला आणि पितळेची चकती टेबलावर ठेवली. तिच्यावर बारीक अक्षरांत एकशे बारा कोरलं होतं.

"हा इथे आहे तर इंजिनात काय आहे?" आईने विचारलं.

"आणखी एखादा असेल त्याच्याकडे," लेक म्हणाली, पण आवाज जरा खाली आला होता.

"असेल, नसेल. मी वॉर्डात पोरींना सांगायचे, रोग्याशी वाद घालू नका, नाडी बघा. जा, उघड."

"मी उघडणार नाही," मिस्त्री म्हणाला. "माझा शब्द दिवसभराचा आहे."

लेकीने पाना घेतला. नट सोडवला, नळी बाजूला केली, बोटाच्या टोकावर चकती काढली, अंगरख्याच्या बाहीला पुसली. तिने ती उजेडात धरली, फिरवली, परत वाचली.

"एकशे दहा," ती म्हणाली.

तिने ती टेबलावरच्या एकशे बाराशेजारी ठेवली. मग ती खुर्चीत बसली.

"मग चार शतांश आले कुठून?"

मिस्त्रीने गळ्यातलं यंत्र काढून तिच्या हातात दिलं. एखाद्या लहान मुलीला भागाकार समजावावा तसं त्याने हळूहळू समजावलं, किती होते, किती झाले, हवा दाटली म्हणजे काय झालं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही. तिला हे सगळं येत होतं. फक्त त्या अर्ध्या तासात ती हवेकडे बघत नव्हती, बापाकडे न बघण्यात गुंतली होती.

"म्हणजे मी चुकीचा आकडा लिहून जिंकले."

"आकडा बरोबरच होता. कारण चुकलं."

"मी तुझे चार शतांश धरले होते, बाबा."

"दिसलं मला. बरंच मोठं लिहिलं होतंस."

ती ओशाळून हसली. मग गंभीर झाली. "पण आता मी काय करू? फायनलला तू हात लावणार, एवढं मला पक्कं माहीत होतं. त्याच्यावर आकडा लिहिता येत होता. आता तू सुधारलास तर मी धरायचं काय?"

"काकांचं मशीन वर्षभर बिनचूक चाललं," लॅपटॉप म्हणाला. "आजच बिघडलं." आणि आईने बघितल्यावर तो आपल्या तंबूकडे निघून गेला. इंजिनाचं त्याने पुन्हा विचारलं नाही. पोरगा खरंच नम्र होता.

लेक उठली, गाडीत वाकली आणि पांढऱ्या रंगाची बाटली घेऊन आली. ती तिने बापासमोर ठेवली.

"पुढच्या मोसमात आकडा तू लिहायचास. जेट मी बदलणार, हवा तू बघायची, आणि काचेवर तूच लिहायचं. मग बघू किती जोरात पळवावीशी वाटते."

मिस्त्रीने बाटली हातात घेतली. ती पान्यापेक्षा जड लागली. एवढी वर्षं तो गाडीने लोकांना चकित करत आला होता. आता आधीच सांगून मग तेवढंच करायचं, म्हणजे त्याला संसार नव्याने मांडण्यासारखं होतं. पण जागा इंजिनापाशीच होती, प्रेक्षकांत नव्हती.

"चालेल," तो म्हणाला.

"आज शब्द पाळलात," आई म्हणाली. पस्तीस वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं, आणि मिस्त्रीने ते मान खाली घालून स्वीकारलं. नटावर बसवलेल्या पान्याबद्दल त्याला काही आठवलं नाही.

लेक सामान आवरता आवरता थांबली. "बाबा, एक विचारू? तीन मिनिटं बॉनेटमागे तू करत काय होतास?"

"नळ्या पुसत होतो," मिस्त्री म्हणाला.

दुकानात एखादी खाडाखोड केलेली चिठ्ठी आली की ती जशी बघायची, तशी तिने बापाच्या चेहऱ्याकडे थोडा वेळ बघितलं. मग टेबलावरची एकशे बारा नंबरची चकती उचलून तिने आईच्या तळहातावर ठेवली.

"ही पण तुझ्या डब्यात," ती म्हणाली. "आणि डबा पुढच्या मोसमातही तुझ्याकडेच."